धवल्यांचे ध्वनिमुद्रण आणि कॉम्प्रेसरची निवड

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धे, राई व मोर्वे ही मिठागरांच्या शेजारची गावे लागतात. २००२ पासून मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडत असली तरी या गावांतील आगरी घरांची बोली अद्याप सर्वस्वी नागर झालेली नाही. हळदीच्या रात्री मांडवात बेंजो व ढोल वाजतात. विवाहविधींच्या वेळी धवलारीण धवले गाते. तेराव्या शतकातील महदाइसेच्या ‘धवळ्यां’शी या शब्दाचे नाते उघड आहे, मात्र ‘ळ’चा ‘ल’ झालेला असल्यामुळे त्या गीतप्रकाराच्या नावावरच बोलीची मुद्रा उमटली आहे. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि स्वरांमधील ‘ड’च्या जागी ‘र’ ही याच बोलीची आणखी दोन लक्षणे होत. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘घोडा’चा ‘घोरा’. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडापासून उत्तर कोकणच्या बोलींतील अशा ध्वनिपरिवर्तनांची नोंद होत आली आहे.

अशा गीतांचे मिश्रण करताना कोणता कॉम्प्रेसर वापरावा, हा प्रश्न केवळ श्रवणसुखाचा मानला जातो. वस्तुतः तो पुराव्याचाही प्रश्न आहे. कॉम्प्रेसर ठरावीक पातळीवर गेलेला आवाज प्रमाणाने दाबतो: गुणोत्तर ४ ला १ असेल, तर मर्यादेबाहेर १२ डेसिबलने गेलेला आवाज केवळ ३ डेसिबलने बाहेर उरतो. (त्याला ‘संपीडक’ म्हणावे अशी सूचना होऊ शकेल; परंतु वादकांत आणि ध्वनिमुद्रकांत कॉम्प्रेसर हाच शब्द रूढ आहे आणि तो बदलण्याने काहीही साधत नाही.) निवडीची चर्चा बहुधा या गुणोत्तरावर किंवा यंत्राच्या कीर्तीवर थांबते. पण भाषेच्या दृष्टीने निर्णायक ठरतात त्या दोन कालमर्यादा: यंत्र आवाजावर किती त्वरेने पकड घेते आणि ती पकड किती वेळाने सोडते.

बिल पटनम यांनी १९६७ च्या सुमारास सिद्ध केलेला ११७६ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा कॉम्प्रेसर २० ते ८०० मायक्रोसेकंदांत पकड घेतो. म्हणजे त्याची मंदात मंद पकडही एका मिलिसेकंदाच्या आतली आहे. पकड सोडण्यास तो ५० मिलिसेकंदांपासून १.१ सेकंदापर्यंत वेळ घेतो. (त्याची बटणे उलटी चालतात, उजवीकडे फिरवावे तो वेग वाढतो. नवख्यांची येथे हमखास फसगत होते.) याच दशकातील टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए प्रकाशावर चालतो. आवाज वाढला की आतील दीप्तिफलक उजळतो आणि त्यासमोरील प्रकाशसंवेदी रोधक आवाज दाबतो. त्याची पकड सुमारे १० मिलिसेकंदांची; दाबाचा निम्मा भाग सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला सावकाश, कित्येकदा काही सेकंदांनी. आधीचा आवाज जितका मोठा व प्रदीर्घ, तितकी ही सुटका लांबते. आज दोन्ही यंत्रांच्या संगणकीय प्रतिकृती सहज मिळतात. त्यामुळे निवड स्वस्त झाली आणि विचार मात्र मागे पडला.

आता ‘घोरा’ या शब्दाकडे पाहावे. येथील ‘र’ म्हणजे जिभेचा एकच आघात. दोन स्वरांमधील आवाजाला पडलेली ती काही थोड्या मिलिसेकंदांची खाच होय. ‘ड’ची खाच किंचित अधिक लांब व खोल असते. ११७६ अत्यंत शीघ्र सुटकेवर ठेवून त्याने दहा-बारा डेसिबल दाब दिला, तर खाच येताच दाब ओसरू लागतो आणि मांडवातील घुमारा व ढोलाचा अवशिष्ट नाद वर उचलला जाऊन ती खाच अंशतः बुजते. गायिकेने ‘ड’ म्हटला की ‘र’, हे ऐकणाऱ्याला मग केवळ अपेक्षेवरून ठरवावे लागते. बोली जाणणारा ‘घोरा’ लिहील, न जाणणारा ‘घोडा’. बोलण्यात एक रूप आणि परंपरेने आलेल्या गीतात दुसरे, असे घडणे संभवनीय असल्यामुळे ही संदिग्धता क्षुल्लक मानता येत नाही.

‘शीघ्र कॉम्प्रेसरने शब्द स्पष्ट होतात’ या समजुतीत सत्यांश आहे. बेंजोच्या दाटीत पदान्तीचे क्षीण स्वर त्याने वर येतात, महाप्राणांचा श्वासही ऐकू येतो. तथापि तोच श्वास पुढे वाजवीपेक्षा मोठा होतो, आणि स्पर्शव्यंजनाचा स्फोट त्या विजेसारख्या पकडीत बोथट होतो. एकल धवल्यासाठी म्हणून एलए-२ए अधिक योग्य दिसतो, तोही तीनेक डेसिबलच्या दाबापुरता. १० मिलिसेकंदांच्या पकडीतून स्फोटाचा आरंभ निसटतो, आणि मंद सुटकेमुळे लहान खाचा बऱ्याच अंशी जशाच्या तशा राहतात. गायिकेचा आवाज ओळीगणिक फार चढत-उतरत असेल, तर त्या ओळींची पातळी आधी हाताने सारखी करावी. हे कष्टाचे काम आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते.

ढोलाचा प्रश्न वेगळा. ११७६ चा शीघ्रपणा तेथे शोभतो. घातक ठरतो तो संपूर्ण मिश्रणावर बसवलेला एकच कॉम्प्रेसर, मग तो कितीही नामांकित असो. ढोलाची प्रत्येक थाप त्याला चेतवते आणि थापेबरोबर धवलारणीचा आवाजही दबतो. सम ज्या अक्षरावर येते, नेमके तेच अक्षर गिळले जाते. यंत्राला चेतवणाऱ्या संकेतातून सुमारे १५० हर्ट्झखालील मंद्र भाग गाळल्यास हा दोष बराच कमी होतो. परंतु मांडवात एकाच ध्वनिग्राहकाने सर्व टिपले असेल, तर ढोल आणि कंठ वेगळे काढण्याचा मार्ग कॉम्प्रेसरपाशी नाही. तेथे धवलारणीपुढे दुसरा ध्वनिग्राहक ठेवणे एवढाच इलाज आहे, आणि तो मुद्रणापूर्वीच योजावा लागतो.

मिश्रित प्रत समारंभासाठी आणि विक्रीसाठी असते. तिच्यावर वाटेल तो कॉम्प्रेसर चालवण्यास कोणाचा आक्षेप असू नये. पाठ उतरवून घेताना मात्र मूळ, अस्पर्शित मुद्रणच पुढे असावे. ते उपलब्ध नसेल, तर पाठाबरोबर यंत्राचे नाव, दाबाचे प्रमाण व सुटकेचा काळ नोंदवावा, आणि स्वरांमधील ‘ड’ व ‘र’ यांखाली संशयाची खूण करावी.