झुरळ बाहेर आलं की

कथा लिहायची ठरवली की मी आधी गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर उघडतो. बातम्या, पीडीएफ, मुलाखती. फोल्डर भरत जातं, कथा राहते. म्हणून परवा ‘कोर्ट’ पुन्हा पाहताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: चैतन्य ताम्हाणेने जमवलेलं सगळं गेलं कुठे?

२०१४ साली हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा ताम्हाणे सत्तावीस वर्षांचा होता. त्याआधी तो मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयांत जाऊन बसला होता. सिनेमात ते बसणं दिसतं. हातोडा नाही, ‘ऑर्डर ऑर्डर’ नाही, टाळीची वाक्यं तर नाहीतच. सरकारी वकील नूतन कायद्यातला मजकूर किराण्याची यादी वाचावी तसा वाचत जाते. साक्षीदार बोलतो ते न्यायाधीश आपल्या शब्दांत आटोपशीर करून टाइप करायला सांगतात, आणि कागदावर तेवढंच उरतं. एका बाईंनी बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून त्यांची केस पुढे ढकलली जाते. असल्या गोष्टी घरी बसून सुचत नाहीत.

खटला लोकशाहीर नारायण कांबळेवर आहे. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप. कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा उतरण्याआधी झुरळ दिसतं का ते बघायचा, ती सांगते. झुरळ बाहेर आलं म्हणजे आत हवा आहे. मला हा तपशील सापडला असता तर मी कथेची सुरुवातच त्याने केली असती, वर शीर्षकही तेच दिलं असतं (इथे दिलंच आहे). सिनेमात तो उलटतपासणीतल्या एका प्रश्नाचं उत्तर आहे फक्त. संगीत वाजत नाही, कुणी हळहळत नाही, पुढचा प्रश्न येतो. नंतर बचावाचा वकील तिला गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काम असेल तर सांगा, म्हणते.

शेवट मात्र मला आजही पटत नाही. सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. तिथे सिनेमा संपला असं वाटतं. पण मग न्यायाधीशांची सहल येते. मुलासाठी अंगठी, नाव बदलणं असले सल्ले, झोपमोड केली म्हणून एका पोराला थप्पड. यातलं काही खोटं नाही, असे काका आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. पण कोर्टात ताम्हाणे पाहत होता. इथे तो दाखवतोय. आधी काय सिद्ध करायचं ते ठरलंय आणि मग त्याला पुरावे जोडलेत, असं वाटत राहतं.

माझ्या फोल्डरमधले निम्मे कागद असेच आहेत.