मराठी साहित्यातील घरमालक

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही आपली जुनी म्हण घर बांधणाऱ्याच्या कष्टांची दखल घेते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही दुसरी म्हण गावोगाव घर बदलीत हिंडणाऱ्याची दखल घेते. परंतु बांधलेल्या घराच्या दोन खोल्या परक्याच्या स्वाधीन करून उरलेल्या दोन खोल्यांत स्वतः राहणारा जो मनुष्य, त्याच्या वाट्याला ना म्हण आली, ना ललित वाङ्मयात मानाचे स्थान आले. मराठी कथा-कादंबरी आणि नाटक यांनी भाड्याच्या खोलीचे जीवन अतिशय आपुलकीने रंगविले आहे; पण ते रंगविताना त्यांची बैठक जवळजवळ नेहमीच भाडेकरूच्या सतरंजीवर राहिली. या एकांगीपणाची कारणे आणि त्यातून झालेली वाङ्मयीन हानी यांचा थोडा विचार येथे करावा, असा आमचा हेतू आहे.

पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. चाळीला नाव मालकाचे आहे. पुस्तक मात्र सर्वस्वी भाडेकरूंचे आहे. त्यांचे उपास, त्यांची भांडणे, त्यांचे सांस्कृतिक उपक्रम यांतच लेखकाचे आणि वाचकाचे मन रमते. पुढे 'असा मी असामी'चा नायक चाळीतून ब्लॉकात जातो, तेव्हाही आपण त्याच्या सामानाबरोबर जातो. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेले कुटुंब चाळीच्या एका खोलीत कोंडलेले दिसते. या कलाकृतींच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. परंतु या साऱ्यांत घरमालक हा रंगमंचाबाहेर राहतो; तेथून फार तर त्याची पावती किंवा त्याची नोटीस तेवढी आत येते.

याचे पहिले कारण उघड आहे. पोटासाठी मुंबईस आलेल्या मध्यमवर्गीयांत आमचे लेखकही होते. लेखणी धरणारा हात बहुधा भाडेकरूचाच होता. दुसरे कारण काळाचे आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. त्यामुळे असंख्य सामान्य कुटुंबांचा निवारा टिकला, हे निःसंशय. पण त्याबरोबरच चाळमालक म्हणजे दुरुस्ती टाळणारा, खोली रिकामी होण्याची वाट पाहणारा आणि पागडीवर डोळा ठेवणारा इसम, ही प्रतिमाही पक्की झाली. गोठलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. कायदा बदलला, प्रतिमा मात्र बदलली नाही. आमच्या मते खरी गफलत येथेच झाली. मुंबईच्या चाळमालकासाठी घडविलेला मुखवटा मराठी लेखकांनी साऱ्याच घरमालकांच्या तोंडावर बसविला.

चाळमालक दूर राहतो. लहान घरमालक भिंतीपलीकडे राहतो. हा फरक नीट पाहावयाचा तर वैनगंगेकाठच्या बालाघाटासारख्या गावाकडे वळले पाहिजे. हा जिल्हा १८६७ साली निर्माण झाला. जुन्या मध्य प्रांतात त्याचा संबंध नागपूरशी होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. येथे कोणाच्या घरात मराठी, कोणाच्या घरात पोवारी आणि कचेरीत हिंदी. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने बदलीवर आलेले मास्तर, कारकून, बँकेतील नोकर आणि आसपासच्या तहसिलींतून शिकावयास आलेली मुले यांना खोल्या लागतात. त्या देणारा कोणी धनिक नसतो. निवृत्त शिक्षक, पतीमागे घर राखून असलेली बाई, नाहीतर परगावी गेलेल्या मुलांचे आईबाप, असे हे घरमालक असतात.

पुण्याचा 'बिऱ्हाडकरू' या भागात 'किरायेदार' होतो. बिऱ्हाडकरू या शब्दात चूल आहे, संसार आहे. किरायेदार या शब्दात व्यवहार तेवढा आहे. प्रत्यक्ष जगणे मात्र या दोन शब्दांच्या मधोमध चालते. जून जवळ आला की कवेलू शाकारावे लागतात. त्याचा खर्च दोन महिन्यांच्या किरायाएवढा, आणि किराया तर तीन महिन्यांचा थकलेला. विजेचे मीटर एक आणि संसार दोन, तेव्हा कोणाचा पंखा किती वेळ फिरला याचा हिशेब तोंडी करावयाचा. विहिरीवरची मोटार कोणी जाळली हे कधीच निश्चित होत नाही. भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज मालकास झोपेतही ऐकू येतो. तसे बोलून दाखवावे तर तो चिक्कू ठरतो. नगरपालिकेचा संपत्तिकर आणि जलकर मात्र ठरल्या वेळी येतात.

या साऱ्याहून कठीण असते ते मागणे. ज्या दारातून काल हळदीकुंकवाचे बोलावणे आले, त्याच दारी आज थकलेल्या पैशांसाठी उभे राहावयाचे. ज्या मुलाचा ताप उतरावा म्हणून रात्री आपण काढा करून दिला, त्याच्याच बापाला सकाळी तारखेची आठवण द्यावयाची. मग एक दिवस बदलीचा हुकूम येतो, सामान गाडीवर चढते, आणि जिला वर्षानुवर्षे काकू म्हटले त्या बाईच्या हाती शेवटचे वीजबिल राहते. येथे खलनायक कोणी नाही. दोन गरजा एका अंगणात राहतात आणि त्यांचे पटतेही, पटत नाहीही. नाट्याला याहून अधिक काय लागते?

आश्चर्य असे की जे साहित्यास दिसले नाही ते कायद्यास दिसले. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थाननियंत्रण अधिनियमाने घर रिकामे करून घेण्याची कारणे ठरवून दिली: मागणीची नोटीस मिळूनही दोन महिन्यांत न भरलेला किराया, स्वतःच्या राहण्याची खरीखुरी गरज, इत्यादी. पण त्यासाठी दिवाणी दावा लावावयाचा आणि वर्षे मोजावयाची. १९८३ साली या अधिनियमात दुरुस्ती होऊन निवृत्त सरकारी नोकर, विधवा, अपंग अशा काही घरमालकांसाठी, त्यांना स्वतःला घराची गरज असल्यास, निराळी आणि जलद रीत घालून देण्यात आली. कायद्याची भाषा रूक्ष असते. तरीही या एका कलमात दोन खोल्यांच्या मालकिणीचे जे दर्शन घडते, ते मराठी कथेत क्वचितच घडते.

मात्र घरमालकाविषयी सहानुभूती मागताना त्याला निर्दोष ठरविण्याचा आमचा विचार नाही. त्याच्या हाती दार आहे, आणि दारातला पहिला प्रश्न आपल्याकडे बहुधा आडनावाचा असतो. या संदर्भात दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहाव्या. 'अशी ही बनवाबनवी' या १९८८ च्या चित्रपटात जोडप्यांनाच जागा देणाऱ्या वृद्ध घरमालकिणीला फसविण्यासाठी दोन तरुण स्त्रीवेष घेतात आणि प्रेक्षागृह हास्याने भरून जाते. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेत नोकरीच्या गावी आलेला तरुण जात लपवून राहतो, आणि ती उघड होताच त्याला मार खावा लागतो. निवारा मिळावा म्हणून आपण कोण हे लपविणे, हे सूत्र दोन्हींकडे आहे. एका ठिकाणी त्याची करमणूक होते, दुसऱ्या ठिकाणी त्याचे रक्त निघते. बागुलांनी दाराबाहेरच्या माणसाची वेदना कायमची नोंदवून ठेवली. पण दाराआडचा माणूस विचारतो ते का विचारतो, त्यात भय किती, शेजाऱ्यांचा धाक किती आणि निव्वळ दुष्ट रूढी किती, याचा शोध घेणारा लेखक अजून हवा आहे. किराया थकल्यामुळे ज्याच्या घरी औषध आले नाही, त्यानेच सकाळी एका भल्या तरुणास आडनावावरून परत पाठविलेले असू शकते. ही दोन्ही सत्ये एकाच मनुष्यात एकत्र पाहणे, हे खऱ्या कथाकाराचे काम होय.

घराच्या ओझ्याचे दर्शन मराठीत मुळीच नाही असे नव्हे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात घर माणसांना कसे धरून ठेवते आणि खचविते, हे विलक्षण प्रत्ययाने आले आहे. पण तो जमीनदारी कुटुंबाचा वाडा आहे. तेथे परक्याची चूल नाही. पाश्चात्त्य वाङ्मयात दस्तयेवस्कीचा रास्कोल्निकोव्ह पहिल्याच पानावर घरमालकिणीची नजर चुकवून जिना उतरतो, म्हणजे आपण भाडेकरूबरोबर असतो. उलट बाल्झाकने 'पेर गोरिओ'च्या आरंभी विधवा व्होकेबाईचे भोजन-निवासगृह सामानसुमानासकट उभे केले. ती बाई प्रेमळ नाही, पण आपल्याला ती पूर्ण ओळखीची होते. लेखकाने पात्रावर प्रेम केलेच पाहिजे असे नाही. त्याचा हिशेब मात्र त्याला ठाऊक असला पाहिजे.

हा हिशेब ज्यांना ठाऊक आहे असे लेखक आज मुंबई-पुण्यापेक्षा बालाघाट, गोंदिया, वारासिवनी अशा गावांतून निघण्याचा संभव आम्हांला अधिक वाटतो. कारण बिऱ्हाडकरू आणि किरायेदार हे दोन्ही शब्द त्यांच्या कानी पडलेले आहेत, आणि आंगणातल्या सामायिक नळाशी कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलते, हे त्यांनी लहानपणापासून ऐकले आहे. त्यांनी मुंबईच्या चाळीची नक्कल करू नये. आपल्या गल्लीतील त्या दोन खोल्यांचे दार आतून उघडून दाखवावे, एवढीच आमची त्यांच्याकडून अपेक्षा आहे.