पुअर हिस्टोरियन

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता तपासली, आत्मकथने तपासली, प्रस्थापितांच्या सौंदर्यशास्त्राला जाब विचारला. परंतु आपल्या माणसांविषयी जे लेखन रोज होते आणि ज्यावर त्यांचे जगणे-मरणे अवलंबून असते, त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. मी इस्पितळातल्या केसपेपरविषयी बोलतो आहे. या संहितेचा नायक खाटेवर असतो, लेखक खाटेपाशी उभा असतो. संहिता इंग्रजीत असते. नायकाला ती वाचता येत नाही आणि बहुधा कोणी वाचूनही दाखवीत नाही. या संहितेचीही समीक्षा झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

माझी मावशी पाथर्डी तालुक्यातली, दर हंगामाला कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी. काही वर्षांपूर्वी ती तापाने फणफणली आणि आम्ही तिला एका मोठ्या रुग्णालयात दाखल केले. घराण्यात इंग्रजी वाचू शकणारा मी पहिलाच, म्हणून तिचा केसपेपर मी वाचला. त्यावर लिहिले होते, 'पुअर हिस्टोरियन'. आजाराची हकीगत धड सांगू न शकणारा रुग्ण, असा या वैद्यकीय परिभाषेचा अर्थ. वास्तविक मावशीने पुष्कळ सांगितले होते. डोक्यात घण बसतात, पिंढऱ्या वळतात, हाडे उकलतात. कळ, ठणका, चमक, आग, मुंग्या अशी दुखण्याची वेगवेगळी नावे तिच्यापाशी होती. केसपेपरवर त्या सर्वांचा मिळून एकच शब्द झाला, 'बॉडीएक'. ती कुठे राहते, कशावर निजते, सरपण कुठून आणते, हे कोणी विचारलेच नाही. डेंग्यू धरून उपचार चालू राहिले. चौथ्या दिवशी अंग पुसताना एका सिस्टरला तिच्या कमरेखाली काळी खपली दिसली. ती दुखत नव्हती, म्हणून मावशीने सांगितली नव्हती. ती खूण स्क्रब टायफसची निघाली. गवता-झुडपातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या चाव्यातून हा ताप येतो. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने तो दोन दिवसांत उतरला. उशीर झाला असता तर याच तापाने फुप्फुसे, मूत्रपिंडे किंवा मेंदू ग्रासला असता.

आता त्या दोन शब्दांचा विचार करू. हिस्टोरियन म्हणजे इतिहासकार. पण इतिहास लिहिणारा तर डॉक्टर होता. मावशी साक्षीदार होती. लेखकाचे अपुरेपण साक्षीदाराच्या नावावर लिहिले गेले. आपल्या वाचकांना ही रीत परिचयाची आहे. दलित आत्मकथनांवर 'ही तर नुसती कैफियत' असा शेरा मारणाऱ्यांनी हेच केले होते.

साक्ष नाकारल्याने फक्त अपमान होतो असे नाही, निदानही हुकते. हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास मांडला. हकीगत ऐकून आणि आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून केलेले निदान ६६ जणांच्या बाबतीत अखेरपर्यंत टिकले. शारीरिक तपासणी ७ जणांच्या आणि प्रयोगशाळा ७ जणांच्या निदानाला उपयोगी पडली. आपल्या वॉर्डांना हे आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तरीही ज्याला आपण 'पुअर हिस्टोरियन' ठरवतो, त्याच्याबाबत निदानाचे सर्वांत मोठे साधन आपण टाकून देतो, एवढे त्यातून कळते.

या न ऐकण्यामागे आपल्याकडे न शिवण्याची परंपरा आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आलेले एक पत्र दिले आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडते. डॉक्टर वस्तीत यायला तयार होत नाही. महत्प्रयासाने येतो तेव्हा थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती देतो, तो नवऱ्याच्या हाती देतो, नवरा बायकोला लावतो, आणि त्याच वाटेने थर्मामीटर परत जातो. डॉक्टर तेवढ्यावर न्यूमोनिया सांगून निघून जातो. बाई मरते. आज थर्मामीटर असा हातोहात फिरत नाही. परंतु अंगाला हात न लावता नुसते रिपोर्ट पाहून पुढच्या खाटेकडे जाणारा राउंड आजही चालतो, आणि काळी खपली लुगड्याखालीच राहते.

पुस्तके अशा रोगांना 'असाधारण' म्हणतात. कोणाला असाधारण? १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा पहिला लेख लिहिला. त्यांचा रुग्ण वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. वैद्यकाला ते नवल होते. पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांनी मात्र त्या दुखण्याला आपापल्या भाषांत आधीच नावे दिलेली होती. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत या पेशी आढळल्या. पुढे विदर्भात आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार समाजातही हा सिकलसेल दिसून आला. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय अभियान मुख्यतः आदिवासी भागांवर केंद्रित आहे. मग विदर्भातून आलेला मुलगा नगरच्या वॉर्डात सांधे धरून विव्हळू लागला, तर त्याचे दुखणे सोंग ठरण्याचा धोका उरतोच.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. डॉक्टरने जात विचारावी काय? ज्या प्रश्नाने पिढ्यान् पिढ्या अपमान केला, तोच प्रश्न निदानासाठी विचारला गेला तर आपली माणसे आडनाव बदलून उत्तर देतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. शिवाय सिकलसेल हा कोणा जातीचा रोग नव्हे. मलेरियाच्या मुलखात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या रक्तात ही खूण तगली. म्हणून जात न विचारता, लक्षणे जुळतील त्या प्रत्येकाची साधी सोल्युबिलिटी चाचणी करावी आणि संशय आल्यास पुढची खात्रीची तपासणी करावी.

आपल्याच जिल्ह्यात ऐकण्याचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. मेबेल आणि रजनीकांत आरोळे यांनी १९७० साली जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. 'जामखेड' हे त्यांचे पुस्तक १९९४ चे. अक्षरओळख नसलेल्या, पुष्कळशा दलित स्त्रिया तिथे आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपणे करू लागल्या, क्षय व कुष्ठ ओळखू लागल्या. केसपेपर ज्यांना 'पुअर हिस्टोरियन' म्हणतो, त्याच या स्त्रिया. पुस्तकाचा भर गावावर आहे आणि ते स्वाभाविक आहे. तो धडा वॉर्डापर्यंत नेणे हे आपले काम आहे.

सगळा दोष एकट्या निवासी डॉक्टरवर टाकणे मला मान्य नाही. खाटा भरलेल्या, झोप नाही, वेळ नाही. आता त्या डॉक्टरांत आपलीही मुले-मुली आहेत, आणि तीही हाच शेरा लिहायला शिकतात. म्हणून व्यवस्थेकडे मागणी केली पाहिजे. दाखल झाल्यावर रुग्णाचे शब्द त्याच्याच बोलीत केसपेपरवर उतरावेत. दुसऱ्या दिवशी हकीगत पुन्हा ऐकावी आणि अंग पुन्हा तपासावे. उतार पडत नसेल तर 'हे दुसरे काय असू शकेल?' हा प्रश्न लेखी नोंदवावा. सिस्टरने पाहिलेले राउंडमध्ये ऐकले जावे. निदान रुग्णाला मराठीत समजावून सांगावे. अमेरिकेतील नॅशनल अकॅडमीच्या २०१५ च्या अहवालाने, निदान रुग्णाला न सांगणे हीसुद्धा निदानातली चूकच मानली आहे.

आणि आपण शिकलेल्यांनी काय करावे? वस्तीतला माणूस दाखल झाला की डबा घेऊन जातोच. सोबत एक वही न्यावी. तो काय म्हणतो, कधीपासून दुखते, कुठे कामाला होता, हे त्याच्याच शब्दांत लिहून डॉक्टरच्या हाती द्यावे. आत्मकथने लिहिणाऱ्या समाजाला हे लेखन जड जाऊ नये.