झेंडावंदनाला किती आले, एवढंच मोजायचं का?

आजचा प्रश्न साधा आहे. आंदोलनाची आठवण जागवणारा सार्वजनिक कार्यक्रम यशस्वी झाला, हे ठरवायचं कशावरून? खुर्च्या भरल्या यावरून, की लोक घरी काय घेऊन गेले यावरून?

एक बाहेरचं उदाहरण घेऊ. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरमध्ये मतदानाचा हक्क मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं, माणसं मेली. या पीटर्लू हत्याकांडाला २०१९ मध्ये २०० वर्षं झाली, तेव्हा तिथल्या पीपल्स हिस्टरी म्युझियमने वर्षभर आंदोलन हाच विषय धरला. जुन्या वस्तू तर मांडल्याच, शिवाय आज आंदोलन करणाऱ्यांनाही दालनातली जागा वापरायला दिली. आम्हांला ही दुसरी गोष्ट मोलाची वाटते.

आपल्याकडे नांदेड-लातुरात हे काम मुख्यतः हुतात्मा स्मारकं आणि १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन करतात. २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सवही झाला. पण गंमत बघा. १९४७ साली निजामाच्या राज्यात तिरंगा फडकवणाऱ्याला तुरुंगात जावं लागे. आज तोच झेंडा पालकमंत्री फडकवतात आणि पोलीस मानवंदना देतात. हा विजयच आहे, आम्ही तो कमी लेखत नाही. पण समोर रांगेत उभ्या असलेल्या मुलाला, हे कधीकाळी सरकारविरुद्धचं कृत्य होतं, हे कळतं का? कळत नसेल तर हजेरीचा आकडा कितीही मोठा असो, परिणाम शून्य.

दुसरी अडचण निवडीची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने. म्हणजे नाव एका लढ्याचं आणि जन्मवर्ष दुसऱ्या लढ्याचं! हे दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय त्या विद्यापीठाची गोष्ट पुरी होत नाही.

काही जण म्हणतील, नामांतराने गावं दुभंगली, ते कशाला उकरायचं? आमचं म्हणणं, जो लढा सगळ्यांना पटून गेलाय तेवढाच दाखवला, तर तो सत्कार होतो, शिक्षण होत नाही. आणि १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या कमानीपाशी लोक आपणहून जमतात, हेही लक्षात घ्या. कुणी शाळेची बस पाठवत नाही.

लातूरचंही सांगतो. २०१६ च्या दुष्काळात तिथे पाण्याच्या टाक्यांजवळ कलम १४४ लावलं होतं, म्हणजे पाचजण जमायला बंदी. पुढे एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. रेल्वेचा फोटो सगळ्यांच्या लक्षात आहे, जमावबंदीचा आदेश नाही. उद्या लातुरात एखाद्या दालनात रिकामी घागर आणि शेजारी तो आदेश ठेवला, तर मार्गदर्शक नेमायचीही गरज पडणार नाही.

तेव्हा मोजायचं काय? आमच्या मते तीन गोष्टी. न बोलावता परत किती आले? घरातला कागद, फलक, जुनी नोटीस घेऊन कोण आलं? आणि तिथे उभं राहून, ‘हे असं नव्हतं’ म्हणून भांडलं कोण? भांडणाऱ्याची नोंद अहवालात तक्रार म्हणून होते. आम्ही ती पहिल्या पानावर घेऊ. ज्याच्या लढ्याची आठवण आहे, त्याला तिथे बोलायला जागा मिळाली, याचा तोच पुरावा आहे.