‘विकर्म’ आणि ‘स्मृती’ : गीतेतील दोन शब्दांविषयी

गीतेचे तात्पर्य ठरविताना लोकमान्य टिळकांनी मीमांसकांची कसोटी वापरली, हे ‘गीतारहस्या’च्या वाचकांस विदितच आहे. अर्जुन उपक्रमी धनुष्य टाकून बसतो, उपसंहारी सांगितल्याप्रमाणे वागण्यास सिद्ध होतो. सबब ग्रंथ प्रवृत्तिपर होय. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा हा युक्तिवाद आम्हांस आजही बिनतोड वाटतो. परंतु त्याने सिद्ध होते ते इतकेच, की अर्जुन कर्मास प्रवृत्त झाला. त्याच्या ठायी कोणता पालट झाल्यामुळे तो प्रवृत्त झाला, हा प्रश्न उरतोच. टिळकांनी साम्यबुद्धीचे विवेचन विस्ताराने केले आहे, हे खरे. पण त्यांच्या वाचनाचा भर पडतो तो ‘काय करावे’ या निर्णयावर.

विनोबांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या व साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या ‘गीताप्रवचनां’त त्यांनी चौथ्या अध्यायातील ‘विकर्म’ या शब्दाचा अर्थ ‘विशेष कर्म’, म्हणजे बाह्य कर्माला मिळणारी चित्ताची जोड, असा लावला. शंकराचार्य ‘विकर्म’ म्हणजे निषिद्ध कर्म समजतात, आणि श्लोकाचा ओघ पाहता तोच अर्थ सरळ आहे. विनोबांचा अर्थ ओढून आणलेला आहे, असे आदरपूर्वक म्हणणे प्राप्त आहे. त्यांना जे हवे होते, ते त्या शब्दात नाही.

ते अन्यत्र आहे. अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात आज्ञापालनाचे अभिवचन देण्यापूर्वी अर्जुन दोन गोष्टी सांगतो : मोह गेला आणि स्मृती लाभली. ‘स्मृती’ म्हणजे कर्तव्याची आठवण, असे म्हणून पुढे जाता येईल. तथापि दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतिभ्रंश आणि त्यापासून बुद्धिनाश अशी अधःपाताची परंपरा आली आहे. तेच दोन शब्द अखेरीस उलट दिशेने परततात. हा योगायोग नव्हे. शंकराचार्यांनी येथील स्मृती आत्मतत्त्वाविषयीची मानली, ती याच जातीची. मात्र त्यांच्या संन्यासपर निष्कर्षाशी आम्ही सहमत नाही. कारण स्मृती लाभल्यावर अर्जुन रणांगण सोडीत नाही.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये हे स्थळ कसे हाताळले, तेही पाहण्यासारखे आहे. सहासष्टाव्या श्लोकानंतर, म्हणजे अर्जुनाने उत्तर देण्यापूर्वीच, त्यांनी श्रीकृष्णाकडून त्याला आलिंगन देवविले आहे. मूळ संहितेत ते नाही. म्हणून टिळकांच्या कसोटीत त्यास स्थान मिळणार नाही. स्मृती मात्र उपसंहारातच आहे.