टाळ्या आणि पायऱ्या

आमच्या वस्तीच्या नाटकमंडळात माझा एक मित्र होता. लहानपणी पोलिओने त्याचा एक पाय गेलेला. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. तरी दरवर्षी त्याच्या वाट्याला भिकाऱ्याचेच काम येई. एका साली त्याने फौजदाराचे काम मागितले. तालमीतले सगळे हसले. मीही हसलो. गावाने पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जन्मावरून कामे नेमून दिली, ते आम्ही त्याला शरीरावरून काम नेमून देत होतो. अपंग नटाच्या आयुष्यात रंगभूमी काय घडवते, याचा विचार मला त्या हसण्यापासूनच सुरू करावा लागतो.

आपल्या नाट्यपरंपरेने व्यंगाला जागा दिली आहे; पण ती कोणती, हे पाहिले पाहिजे. नाट्यशास्त्रातला विदूषक बुटका, कुबडा, दात पुढे आलेला, त्याने हसवायचे. रामकथेतली मंथरा कुबडी. तिने कारस्थान करायचे. उरली ती दया. ती आंधळ्या भिकाऱ्याच्या वाट्याला. पुन्हा ही कामेसुद्धा बहुधा धडधाकट नटच करतात. तीन अंक पाय ओढत चालायचे आणि अभिनयाचे बक्षीस घेऊन ताठ चालत घरी जायचे! ज्याचे जगणे, त्याला त्या जगण्याच्या चित्रणातही वाटा नाही. दलितांच्या दुःखावर इतरांनी लिहिलेल्या कथा वाचून आपण जो प्रश्न विचारला, तोच इथे उभा राहतो.

इंग्लंडमध्ये नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी १९८० साली ‘ग्रेआय’ ही अपंग कलावंतांची नाट्यसंस्था उभी केली. शबान स्वतः ठिसूळ हाडांच्या विकाराने चाकाच्या खुर्चीत बसणारे नट. कुणी भूमिका देईल म्हणून वाट पाहत न बसता त्यांनी स्वतःचा मंच उभारला. १९९७ पासून जेनी सीली या कर्णबधिर दिग्दर्शिकेने ही संस्था चालवली आणि २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याचे सहदिग्दर्शनही केले.

यातून नटाच्या जगण्यात काय बदलते? रस्त्यावर अपंग माणसाकडे लोक टक लावून पाहतात. त्या पाहण्यावर त्याची सत्ता नसते. मंचावर मात्र तोच सांगतो : आता पाहा, इतका वेळ पाहा, आणि मी म्हणेन तेव्हा हसा. आपल्याकडे पाहणाऱ्याची नजर काय करते, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. शिवाय घरात ज्याला ओझे समजले जाते, तो तालमीला जातो, दिग्दर्शकाशी भांडतो, मानधन घरी आणतो. हा बदल छोटा नाही.

पण तो टिकतो का? आपल्याकडे स्वागत थोरात यांच्या दिग्दर्शनाखाली १९ अंध कलावंतांनी ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक उभे केले. मेघदूत म्हणजे डोंगर, नद्या, नगरे पाहत जाण्याचे काव्य. ते अंध नटांनी आपले केले. अशा प्रयोगावर चर्चा व्हायला हवी ती हालचालींची, उच्चारांची, अर्थाची. प्रेक्षागृहाबाहेर मात्र एकच शब्द ऐकू येतो : ‘असूनही’. अंध असूनही किती छान! ‘दलित असूनही चांगले लिहितो’ हे कौतुक आपण गिळलेले आहे. त्यातला अपमान आपल्याला कळतो. २०१५ साली पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे केला, तेव्हा मला ‘हरिजन’ आठवला. माणसाला देवाच्या खात्यात जमा केले की त्याचे हक्क द्यायला नकोत.

२०१९ साली ॲली स्ट्रोकर ही अमेरिकन नटी ‘ओक्लाहोमा!’ या संगीतिकेतील भूमिकेसाठी टोनी पारितोषिकाची मानकरी ठरली. चाकाच्या खुर्चीतील नटीला हा मान प्रथमच मिळाला, आणि भूमिकाही एका खट्याळ, प्रेमात पडणाऱ्या मुलीची; अपंग मुलीची नव्हे. परंतु त्या सभागृहात प्रेक्षकांतून मंचावर जायला उतार नव्हता. नाव पुकारले जाईपर्यंत तिला पडद्यामागे थांबावे लागले. टाळ्या मिळाल्या, पायऱ्या तशाच राहिल्या.

आपण तरी वेगळे काय करतो? २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरातला आहे. जलशाने आपल्याला बोलते केले, त्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो. पण आपल्या मंचांनाही पायऱ्याच असतात, आणि आपल्या कवितांत सरकार बहिरे, लोकशाही लंगडी आणि समाज आंधळा असतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंग कलावंतांना साहाय्य देण्याची तरतूद आहे. ती मागायला आपला एक तरी मोर्चा गेला का?

पुढच्या संमेलनात मंचाला उतार करा. भूमिका वाटताना अपंग नटाला आधी विचारा, आणि मानधन इतरांइतकेच द्या. माझ्या मित्राने त्या सालानंतर काम करणे सोडले. त्याचा फौजदार कसा झाला असता, हे मी कधीच पाहू शकलो नाही. ते नुकसान त्याच्याइतकेच आमच्या नाटकाचे होते.