संगणकीय खेळांची कुलुपे

संगणकावरील खेळ म्हणजे मुलांचा वेळ फुकट घालविणारी वस्तू, हा समज आपल्याकडे अजूनही पुरता गेलेला नाही. त्यामुळे या खेळांनाही कर्ते असतात, रचना असते आणि अर्धशतकाहून मोठा इतिहास असतो, ही गोष्ट साहित्यचर्चेत सहसा येत नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय या खेळांवर घातली जाणारी कुलुपे हा आहे; कारण कुलूप कृतीच्या बाहेर राहत नाही, ते कृतीचाच भाग होऊन बसते.

जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) आपल्याकडील अनेक घरांत पहिल्या संगणकासोबत आला, तोही बहुधा फ्लॉपीवर उतरवून घेतलेला. त्याच्या डॉस आवृत्तीत पहिला टप्पा ओलांडताच एक दालन लागे. तेथील कुप्यांवर एकेक अक्षर असे. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचे आद्याक्षर जिच्यावर असेल, तीच कुपी प्यावी अशी सूचना येई. पुस्तिका नसेल तर सारा भरवसा नशिबावर. ही नक्कलबंदीच होती, पण कथेचा पोशाख घालून आलेली. शिवाय किल्ली छापील पुस्तिकेत होती. ती शेजाऱ्याला देता येई, कपाटात जपून ठेवता येई.

पुढील कुलुपे इतकी सभ्य राहिली नाहीत. विल राइट यांचा ‘स्पोअर’ सप्टेंबर २००८ मध्ये आला. एका पेशीपासून अंतराळापर्यंतचा जीवनप्रवास खेळणाऱ्याच्या हाती सोपविण्याची ही कल्पना भव्य होती. (मधल्या टप्प्यांत ती बरीच पातळ होते, असे माझे मत आहे, पण ते असो.) गाजले ते मात्र ‘सेक्युरॉम’ नावाचे कुलूप. पूर्ण दाम मोजून घेतलेला खेळ तीनच वेळा कार्यान्वित करता येईल, अशी अट होती. संगणक बदलला की एक संधी खर्ची पडे. संतप्त ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एकेक तारा देऊन हजारोंनी निषेध नोंदविला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ही मर्यादा पाचावर नेली. इकडे कुलूप तोडलेली प्रत विक्रीच्या तारखेपूर्वीच महाजालावर फिरत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, यापेक्षा वेगळे काय म्हणावे?

प्रकाशकांची तक्रार खोटी नव्हती. आपल्या शहरांतून नकली तबकड्या उघड विकल्या जात आणि त्या घेणाऱ्यांत सुशिक्षित घरे कमी नव्हती. कर्त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. प्रश्न आहे तो मोबदला देऊन झाल्यानंतरचा. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने सुरक्षिततेच्या कारणास्तव ‘सेफडिस्क’ या जुन्या कुलपाला थारा देणे बंद केले. परिणामी ज्याने अस्सल तबकडी विकत घेऊन जपली, त्याचा खेळ सुरूच होईना. कुलूप तोडलेल्या प्रतीला मात्र ही अडचण नव्हती.

बडोद्याच्या वाचकाला यातील विपरीतता लवकर उमगावी. गायकवाड ओरिएंटल सीरीजचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ मध्ये छापला गेला. दहाव्या शतकाच्या आसपासचा हा ग्रंथ तोवर टिकला तो लेखनिकांनी हाताने उतरविलेल्या नकलांच्या बळावर. गंमत अशी, की वाङ्मयीन ‘हरणा’ची, म्हणजे दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्याची, सविस्तर चर्चा याच ग्रंथात आहे. चोरी कोणती आणि जतन कोणते, हा भेद करण्याची दृष्टी त्या काळीही होती. सेक्युरॉमला तो भेद ठाऊक नाही. त्याच्या लेखी प्रत्येक नक्कल सारखीच.

आपला कायदा या बाबतीत त्या मानाने समजूतदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक-प्रणालीच्या कायदेशीर धारकाला राखीव प्रत करू देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हा गुन्हा ठरविते. हेतू निषिद्ध नसेल तर सूट आहे. परंतु नव्या खेळांपुढे ही तरतूदही अपुरी पडते. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ (२०१४) एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी तो सर्व्हर बंद झाला. त्यानंतर युरोपात निघालेल्या अशा खेळांविषयीच्या मागणीपत्रावर २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. ‘द क्रू’ची तबकडी अनेकांच्या कपाटात आजही असेल. तिची राखीव प्रत काढली, तरी जो भाग सर्व्हरवर होता तो त्या प्रतीत नसतो.